गहू सोडला, बरं वाटतंय. मग आता तपासणी कशाला?

पत्र थोडक्यात असं: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या एका ३७ वर्षांच्या भगिनीने लिहिलं आहे. पोट फुगणं, अधूनमधून जुलाब आणि सतत थकवा हे त्यांच्या पाठीशी बरीच वर्षं आहे. थायरॉईडची गोळी पाच वर्षांपासून चालू आहे. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन नऊच्या पुढे सरकत नाही. पाच महिन्यांपूर्वी मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून त्यांनी गहू पूर्ण बंद केला आणि पोट शांत झालं. आता नव्या डॉक्टरांना सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हासारख्या धान्यांमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका आहे, पण तपासणीसाठी ते पुन्हा काही आठवडे गहू खायला सांगतात. 'बरी झालेय तर पुन्हा विष का खाऊ?' असं त्या विचारतात. दुसरा प्रश्न घराचा. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी नाकारल्यापासून सासूबाई दुखावल्या आहेत, 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' म्हणतात. पती म्हणतात, एक दिवस खाल्लं तर काय बिघडतं? शहरातून मागवलेल्या महागड्या पिठाच्या पाकिटांवरूनही कुरबुर होते. जाता जाता त्यांनी असंही लिहिलं आहे की चौथीतली मुलगी अजून प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी राहते, तिला सारखं तोंड येतं. दोन स्वयंपाक नकोत म्हणून येत्या महिन्यापासून तिचाही गहू बंद करणार आहेत.

ताई, नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल बोलते, कारण तिला थांबायला वेळ नाही. मुलीचा गहू बंद करू नका. तिची तपासणी होईपर्यंत तरी नाही.

वयाच्या मानाने कमी उंची आणि वारंवार येणारं तोंड या दोन्ही गोष्टी सिलिअ‍ॅक असलेल्या मुलांमध्ये दिसतात. पुष्कळ मुलांचं पोट दुखत नाही, जुलाबही होत नाहीत. फक्त वाढ मागे पडते, आणि घरचे म्हणतात की आपल्याकडे सगळे बुटकेच. हा आजार रक्ताच्या नात्यात वावरतो. आई, वडील, भावंडं यांपैकी कुणाला असला तर इतरांना असण्याची शक्यता चारचौघांपेक्षा कितीतरी जास्त असते. तुमच्या मुलीला तो आहेच असं मी म्हणत नाही. कमी उंचीची आणि तोंड येण्याची दुसरी दहा कारणं असतात. पण तपासणीआधी गहू बंद केलात तर तुम्ही आज ज्या कोंडीत आहात त्याच कोंडीत ती अडकेल, आणि तिच्यापुढे अख्खं आयुष्य आहे.

ती कोंडी कशी तयार होते ते सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जी लवचिकता येते, पोळी पातळ लाटता येते, पाव फुगतो, ती त्याची करामत. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. या अस्तरावर मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती लव झडून अस्तर सपाट होतं. आपण खातो ते लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सिलिअ‍ॅकचा पहिला घावही तिथेच बसतो. म्हणून दोन वर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही न हलणारं हिमोग्लोबिन ऐकलं की डॉक्टरांच्या डोक्यात ही शंका यायला हवी. त्यात तुमचा थायरॉईड. तोही पुष्कळदा शरीर स्वतःवरच उलटल्यामुळे बिघडतो, आणि असे आजार एकमेकांची सोबत करतात. तुमच्या डॉक्टरांना शंका आली हे मला फार बरं वाटलं. अनेकींची वर्षानुवर्षं 'पाळी जास्त जाते, पालेभाजी खा' एवढ्यावर बोळवण होते.

आता तपासणी. रक्तात टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडं मोजतात, सोबत एकूण आयजीएही मोजावं लागतं. आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, काही जणांच्या शरीरात तो मुळातच कमी असतो आणि मग पहिला आकडा फसवतो. प्रतिपिंडं वाढलेली आढळली तर एंडोस्कोपी करून आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतात. पण ही प्रतिपिंडं ग्लूटेन पोटात जात असेल तोवरच तयार होतात. गहू थांबला की महिन्या-महिन्याने ती उतरतात, झडलेली लवही पुन्हा उगवू लागते. पाच महिन्यांनी केलेला रिपोर्ट 'काही नाही' असा आला तर त्याचा अर्थ 'आजार नाही' असा होतो, की 'आजार आहे पण तुम्ही त्याला उपाशी ठेवलंय' असा, हे कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टर पुन्हा गहू खा म्हणतात ते यासाठी.

तुम्ही लिहिता, 'गहू सोडला आणि बरं वाटलं, मग कारण गहूच.' ताई, इथे क्षणभर थांबू. तुम्ही पोळी तर सोडलीच, पण त्याच दिवशी मधल्या सुट्टीतली खारी, पाहुण्यांसोबतची बिस्किटं, रविवारच्या बेकरीतल्या वस्तू, गाड्यावरचा वडापाव हेही सुटलं. हे तुमच्याच पत्रात आहे. म्हणजे मैदा, तळण आणि साखर हेही एकाच वेळी कमी झालं. दुसरं असं की गव्हात ग्लूटेनखेरीज फ्रुक्टान नावाची एक शर्कराही असते आणि ती काहींच्या पोटात आंबून वात धरते. नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिलिअ‍ॅक नसलेल्या, पण आपणहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना त्यांनी दिसायला सारखेच बार खायला दिले. काहींत ग्लूटेन, काहींत फ्रुक्टान, काहींत दोन्ही नाही. कोणता बार कशाचा हे खाणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पोट जास्त फुगवलं ते फ्रुक्टानने. ही फ्रुक्टानं कांद्यात आणि लसणात भरपूर असतात. तुमचा त्रास त्या वाटेचा निघाला तर प्रसादातल्या चमचाभर शिऱ्याला घाबरायचं कारण नाही, उलट वाटणातल्या कांद्याचा हिशोब बघावा लागेल. आणि गव्हाची खरी अ‍ॅलर्जी हा आणखी तिसराच प्रकार. त्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात पित्त उठतं, ओठ सुजतात, धाप लागते.

या प्रत्येकाचा पथ्याचा काटा वेगळा आहे, आणि नाव कळल्याशिवाय काटा कुठे लावायचा ते ठरत नाही. सिलिअ‍ॅक असेल तर पथ्य आयुष्यभराचं आणि अगदी कणाकणाचं. इटलीतल्या एका अभ्यासात सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तरी आतड्याच्या अस्तराला इजा झाली. आपल्या एका मध्यम पोळीत साधारण ३ ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचा साठावा भाग. 'एक दिवस खाल्लं तर काय बिघडतं' या प्रश्नाचं उत्तर सिलिअ‍ॅकमध्ये एक आहे आणि इतर बाबतींत अगदी वेगळं आहे. आज तुमच्या पतींना तुम्ही कुठलं उत्तर देणार? तुम्हालाच ठाऊक नाही. त्यांच्या बोलण्याचा राग येणं मला समजतं, पण आजच्या घडीला त्यांचा प्रश्न चुकीचा नाही.

तुमच्यापुढे वाटा तीन.

पहिली, एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी. ती साध्या रक्तावर होते, जन्मात एकदाच करावी लागते, आणि तिच्यासाठी गहू खावा लागत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नक्की नाही. मग पुन्हा पोळ्या खाऊन बघण्याचा व्यापच टळला. हिमोग्लोबिनचं कारण दुसरीकडे शोधायचं. जनुकं असली तर मात्र एवढंच कळतं की आजार असू शकतो, कारण निरोगी माणसांतही जवळपास तिसऱ्या हिश्श्याला ती असतात. तपासणी स्वस्त नाही, नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. तरी तुमच्या जागी मी असते तर डॉक्टरांना आधी हीच विचारली असती.

दुसरी, डॉक्टर म्हणतात ती. सहा ते आठ आठवडे रोज दोन पोळ्यांइतका गहू, एकाऐवजी दोन वेळच्या जेवणात विभागून, आणि मग रक्त. पहिल्या आठवड्यात अर्ध्या पोळीने सुरुवात करा. रोज दोन ओळींची नोंद ठेवा, कधी काय खाल्लं आणि काय झालं. त्रास सोसवेना झाला तर मुकाट्याने बंद करू नका, फोन करून रक्त लवकर घेता येईल का ते विचारा. कित्येकदा दोन आठवड्यांनंतरही पुरेसं कळतं. शाळेच्या परीक्षा, घरातलं लग्नकार्य असे दिवस टाळा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे करूच नका. आणि या सगळ्यात लोहाच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

तिसरी वाट म्हणजे तपासणीच नको, सिलिअ‍ॅक आहे असं धरून जन्मभर गहू सोडायचा. ही वाट घेणारी माणसं आहेत आणि मी त्यांना वेडं म्हणत नाही. पण तिची किंमत बघा. सिलिअ‍ॅकचं नाव लागलं की दर वर्षी टीटीजी उतरतंय का ते बघतात, लोह, बी-१२, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व मोजतात, गरजेनुसार हाडांची घनता तपासतात. नाव नसेल तर हे कुणी करत नाही. मुलीची, तुमच्या भावंडांची तपासणी करायला डॉक्टरांना ठोस कारण मिळत नाही. आणि दुसऱ्याच कशाने हिमोग्लोबिन कमी राहत असेल, जड पाळी, जंत, थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार, बी-१२ची कमतरता, तर ते गव्हाच्या नावाखाली दडून राहतं.

आणखी एक. 'शंभर पदार्थांची असहिष्णुता एका थेंबात' अशा जाहिराती बघून आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी करू नका. ती प्रतिपिंडं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता एवढीच खूण असते. असा रिपोर्ट हातात घेऊन दूध, अंडी, डाळ सगळं सोडलेल्या आणि वाळून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आता त्या 'विष' शब्दाबद्दल. हा शब्द तुमचा नाही, व्हिडिओंचा आहे. ज्याला सिलिअ‍ॅक आहे त्याच्या आतड्याला गहू खरोखर घातक. पण तुमच्या घरातली बाकीची माणसं रोज पोळी खातात आणि धडधाकट आहेत, त्यांच्यासाठी तो अन्नच आहे. महालक्ष्म्यांच्या दिवशी पहाटे उठून पुरण शिजवलेल्या बाईला 'हे माझ्यासाठी विष आहे' असं ऐकू आलं असेल तर तिला गव्हाबद्दल वाईट वाटलं नाही. तिच्या हातचं नाकारलं गेलं याचं वाईट वाटलं. तुम्ही नेमके काय शब्द वापरलेत मला माहीत नाही, पण पत्रात तो शब्द चार वेळा आला आहे, म्हणून लिहिते.

दुसरी वाट घेतलीत तर एक चांगली संधीही हाताशी येते. त्या सहा आठवड्यांत तुम्हाला गहू खायचाच आहे. मग सासूबाईंना सांगा, 'डॉक्टरांनी तपासणीसाठी पोळ्या खायला सांगितल्यात, तुमच्या हातची पुरणपोळी करा ना.' त्यांच्याशेजारी बसून खा. आणि तपासणी नेमकी काय आहे, रिपोर्ट काय आला तर पुढे काय करावं लागेल, हे तेव्हाच मोकळेपणाने सांगा. एंडोस्कोपीच्या दिवशी पतींना सोबत न्या. आमच्या भाचीच्या वेळी मी पाहिलंय. तीन वर्षं 'हिचे खाण्याचे नखरे' म्हणणारे तिचे वडील, डॉक्टरांनी पडद्यावर सपाट झालेलं अस्तर दाखवल्यावर खुर्चीत गप्प बसून राहिले. नंतर घरातली प्रत्येक पाकिटाची मागची बाजू तेच वाचायला लागले.

'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं सासूबाईंच्या बाजूने मांडायला हवं. आजार तेव्हाही होता. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे पाव मिळेनासा झाला, लोक उपासमारीने गांजले, आणि नेमक्या त्याच दिवसांत यांच्याकडची सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. गव्हावरचा त्यांचा आधीपासूनचा संशय पक्का झाला तो तिथे. पण तुमच्या भागात सासूबाईंच्या लहानपणी रोज गहू खात होतं कोण? सोलापूरच्या काळ्या मातीत शाळू पिकतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी हेच रोजचं अन्न, पोळी सणावारी. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना अजून आठवत असेल. रोजची गव्हाची पोळी घरोघर पोचली ती त्यानंतर, रेशनमधून, बागायतीतून आणि मुलांच्या डब्यातून. ज्याच्या ताटात गहूच क्वचित येई त्याच्या अंगात हा आजार असला तरी तो उमटायला वावच कमी होता. उत्तर भारतात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या गहू हेच मुख्य अन्न आहे, तिथे सिलिअ‍ॅक सापडण्याचं प्रमाण तांदळावर जगणाऱ्या दक्षिणेपेक्षा बरंच जास्त आहे.

म्हणजे तुम्हाला लागणारं पथ्य शहरातल्या पाकिटात नाही, सासूबाईंच्या काटवटीत आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, मका, सगळ्या डाळी, हुलगे, शेंगदाणे, यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. एकादशीला जे चालतं ते सगळं तुम्हाला रोज चालतं, फक्त साबुदाण्यावर भिस्त ठेवू नका, त्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. पिठलं-भाकरी, आंबील, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, शेंगाची चटणी, कडक भाकरी. प्रवासासाठी कडक भाकरीसारखी सोय दुसरी नाही, आठवडाभर टिकते. 'ग्लूटेन-फ्री' बिस्किटं आणि तयार पिठं बहुतेकदा तांदळाच्या व बटाट्याच्या पिठाची, साखर-तेल जास्त आणि चोथा कमी अशी असतात. ती बंद केलीत तर पैशांवरून होणारी कुरबुरही थांबेल.

रिपोर्ट सिलिअ‍ॅकचाच आला तर पुढचं लक्षपूर्वक वाचा. न आला तर यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही.

सगळ्यात मोठी चूक गिरणीत होते. ज्वारी घरची, निवडलेली, आणि दळायची कुठे, तर जिथे आत्ताच कुणाचा दहा किलो गहू निघालाय तिथे. पाट्यात अडकलेलं पीठ तुमच्या दळणात उतरतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं टीटीजी दीड वर्ष काटेकोर पथ्य पाळूनही उतरत नव्हतं. सगळं विचारून झालं, औषधांच्या गोळ्यांचे घटकसुद्धा तपासले, आणि शेवटी तिची आजी म्हणाली, 'दळण तर कोपऱ्यावरच्या गिरणीतून येतं.' घरघंटी घेतली, तिला गव्हाचा दाणा लावला नाही, आणि सहा महिन्यांत आकडा खाली आला. घरघंटीचा खर्च मोठा वाटेल, पण पाकिटं बंद झाली की तो हळूहळू भरून निघतो. नाहीच जमलं तर ज्या गिरणीत ज्वारी-बाजरीचं यंत्र वेगळं आहे ती शोधा आणि त्यावर कधीच गहू दळत नाहीत ना, हे समोर उभं राहून विचारा. 'सकाळी पहिलं दळण आमचं' एवढ्याने भागत नाही. दळण्याआधी ज्वारी ताटात पसरून निवडा, पोत्यात गव्हाचे दाणे असतात.

दुसरी जागा फोडणीच्या डब्यात. बाजारात मिळणाऱ्या हिंगात कित्येकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तो आणा, आणि मग आमटी, लोणचं, पापड यांचा प्रश्न बराच सुटतो.

मग आपले ते साळसूद दिसणारे पदार्थ. मेतकुटात थोडे गहू असतात. थालिपिठाच्या भाजणीत असतात, धपाट्यात कणीक असते. सातूचं पीठ मुळी जवाचं किंवा गव्हाचंच. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. हुलग्याच्या शेंगोळ्यांतही कुणी कुणी कणीक घालतं. माल्टची दुधात घालायची पावडर जवाची. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस गव्हाचा. ओट्स मुळात वेगळं धान्य, पण कारखान्यात गव्हासोबत फिरतं, त्यामुळे ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्यायचे आणि तेही सुरुवातीचे काही महिने सोडून. आणि खपली! 'खपलीत ग्लूटेन कमी, ती चालते' असं दुकानदार अगदी आत्मविश्वासाने सांगतात. खपली हा गहूच आहे. सिलिअ‍ॅकमध्ये ती चालत नाही. मल्टिग्रेन आट्यात पहिला घटक बहुधा गहूच. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं असा आपल्याकडचा नियम आहे, म्हणून तो शब्द शोधा, 'हेल्दी' आणि 'डाएट' हे नव्हे.

एकत्र स्वयंपाकघरात दोन चुली मांडायची गरज नाही. चाळणी, पोळपाट-लाटणं आणि काटवट तुमची वेगळी, कारण लाकडात आणि जाळीत पीठ राहतं. तवाही वेगळा असला तर उत्तम. आधी भाकरी, मग पोळ्या, हा क्रम. कणीक मळताना उडालेलं पीठ उघड्या भाजीवर बसतं, तेव्हा झाकण ठेवायचं. सांडशीपासून चमच्यांपर्यंत बाकी सगळं घासून-धुऊन सगळ्यांचं एकच.

प्रसादाचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय, म्हणून सांगते. सत्यनारायणाच्या पोथीतच आहे की गव्हाचा रवा नसेल तर तांदळाचं पीठ चालतं. तुमच्या घरच्या पूजेत तांदळाच्या रव्याचा शिरा करता येईल आणि तो सगळ्यांनाच वाटता येईल. दुसऱ्यांकडे गेलात तर तीर्थ घ्या, खडीसाखर आणि फळ घ्या, शिऱ्याचा द्रोण कपाळाला लावून मुलीच्या किंवा पतींच्या हातात द्या. पंढरपूरच्या वारीचे चुरमुरे आणि बत्तासे तर आहेतच. देवाला काय वाटेल याची चिंता मला नाही. यजमानीण बाई काय म्हणेल हीच खरी भीती असते, आणि तिला 'डॉक्टरांनी आयुष्यभराचं पथ्य सांगितलंय' हे वाक्य कळतं. मधुमेहाचं पथ्य आपण आता कुणाला समजावत बसत नाही, तसं.

आता पुन्हा मुलीकडे. येत्या आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. बाळपणापासूनच्या वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाचं कार्ड, शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कागद, जे सापडेल ते सोबत घ्या; आज उंची किती आहे यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांत ती किती वाढली हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. तुमची हकिगत सांगा आणि टीटीजी-आयजीए व एकूण आयजीए करायचं का ते विचारा. तुमचा निकाल लागायची वाट बघू नका, तिचा गहू चालू आहे म्हणजे तिची तपासणी आजच होऊ शकते. खरं तर तिचं रक्त तुमच्या आधी बोलेल. सिलिअ‍ॅक निघालाच तर लहान वयात गहू थांबल्यावर आतडं लवकर भरून येतं आणि मागे पडलेली उंची बरीच भरून निघते, वयात येण्याआधी जितकं लवकर तितकं चांगलं. तिच्यासमोर 'हिला आजार आहे' असं बोलू नका. रक्त कशासाठी घेतायत ते तिला समजेल अशा शब्दांत सांगा. चौथीतल्या मुलीला पुष्कळ कळतं.

तोवर तिच्या डब्यात पोळी राहू द्या, आणि डबा परत आला की ती संपवते की नाही ते बघा.